मानसशास्त्र : वर्तनाला प्रश्न विचारणारा विषय

समोरच्याच्या मनातले ओळखण्याची विद्या म्हणजे मानसशास्त्र, असा समज करून घेऊन अकरावीला हा विषय निवडणाऱ्यांची निराशा लवकरच होते. मन वाचता येत नाही. निरीक्षण होते ते वर्तनाचे, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष तपासून घ्यावा लागतो, हा येथील पहिला धडा. जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये प्रयोगशाळा स्थापन केली, तेव्हापासून हे शास्त्र तत्त्वज्ञानापासून वेगळे झाले असे मानले जाते. भारतात कोलकाता विद्यापीठात १९१६ मध्ये त्याचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. उच्च माध्यमिक स्तरावर हा विषय ऐच्छिक आहे. सीबीएसईच्या अभ्यासक्रमात लेखी परीक्षेस ७० व प्रात्यक्षिकास ३० गुण असतात.

या विषयाचे खरे मर्म प्रयोगांत आहे. म्युलर-लायर यांची १८८९ मधील आकृती घ्या. एका रेषेच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडणारे; दोन्ही रेषा सारख्याच, पण दुसरी लांब भासते. पट्टीने मोजून खात्री करून घेतल्यावरही ती लांबच दिसत राहते! ज्ञान झाले म्हणून भ्रम जात नाही, ही गोष्ट सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याला व्याख्यानापेक्षा एका पट्टीने अधिक पटते. पुढे १९६६ मध्ये सेगॉल, कॅम्पबेल व हर्सकोव्हिट्स यांनी दाखवून दिले की, हा भ्रमही सर्व समाजांत सारख्या प्रमाणात होत नाही. मग अमेरिकेतील महाविद्यालयीन तरुणांवर केलेल्या प्रयोगांवरून ‘माणूस असाच वागतो’ असे म्हणावे काय?

स्मृतीची गोष्टही अशीच. लॉफ्टस व पामर यांनी १९७४ मध्ये मोटार अपघाताची चित्रफीत दाखवून प्रश्न विचारले. गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ की ‘धडकून चक्काचूर झाल्या’, एवढाच शब्दांचा फरक. आठवड्यानंतर दुसऱ्या गटातील ५० पैकी १६ जणांनी फुटलेली काच पाहिल्याचे सांगितले, पहिल्या गटातील ५० पैकी ७ जणांनी. चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती.

मात्र सर्वांत बोधप्रद उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. १३ मार्च १९६४ रोजी क्वीन्स भागात किटी जिनोविस या तरुणीचा खून झाला. ३८ शेजाऱ्यांनी तो पाहिला आणि कोणी हलले नाही, असे वृत्त ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दिले. त्यातून प्रेरणा घेऊन डार्ली व लाताने यांनी १९६८ मध्ये एक प्रयोग केला. ध्वनियंत्रावरून कुणाला तरी झटका आल्याचे ऐकू येई. आपण एकटेच ऐकत आहोत असे समजणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोकांनी झटका ओसरण्यापूर्वीच मदत मागितली. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते. जबाबदारी वाटली गेली की ती पातळ होते, हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत गेला.

पण ज्या कथेतून प्रयोग जन्मला, ती कथाच डळमळीत निघाली. २००७ मध्ये मॅनिंग, लेव्हिन व कॉलिन्स यांनी कागदपत्रे तपासली, तेव्हा ३८ जण निष्क्रियपणे पाहत राहिल्याचा पुरावा आढळला नाही. २०१६ मध्ये खुद्द वृत्तपत्रानेही आपल्या वृत्तातील दोष मान्य केला. प्रयोगाचे आकडे यामुळे खोटे ठरत नाहीत. खोटी ठरते ती ‘शहरी माणूस निर्दय झाला’ ही सोयीची समजूत. चांगला शिक्षक हा भाग वगळत नाही.

घराघरांतील निवाडेही या कसोटीवर लागतात. ‘पोरगा मुळातच आळशी’ हे वाक्य परिस्थितीचा विचार न करता स्वभावाला दोष देते. ली रॉस यांनी १९७७ मध्ये या प्रवृत्तीला मूलभूत गुणारोपण दोष असे नाव दिले. अर्थात पुस्तकात विकारांची लक्षणे वाचून वर्गमित्राला ‘डिप्रेशन’चे लेबल लावणारे विद्यार्थीही असतातच. निदान हे प्रशिक्षित तज्ज्ञाचे काम आहे. प्रात्यक्षिकासाठी मित्राची चाचणी घेतली, तरी त्याची संमती घेणे आणि त्याचे उत्तर गुप्त ठेवणे विद्यार्थ्यावर बंधनकारक असते.