आपला पहिला अल्बम कोणता? जलशापासून ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’पर्यंत

पाश्चात्त्य रॉक बँडच्या पहिल्या अल्बमवर पुस्तकं लिहिली जातात. कोणत्या स्टुडिओत रेकॉर्ड झाला, गिटार कोणी वाजवली, कोणतं गाणं ऐनवेळी गाळलं, सगळ्याची नोंद असते. इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये शिकणारी आपली पोरंही ती माहिती तोंडपाठ सांगतात. पण जळगाव-धुळ्याच्या त्याच पोरांना विचारा, आंबेडकरी चळवळीचा पहिला गायनसंच कोणता? त्याचा शाहीर कोण? उत्तर येत नाही. दोष पोरांचा नाही. ज्यांच्या हातात लेखणी, छापखाना आणि ध्वनिमुद्रणाची यंत्रं होती, त्यांना आपल्या गाण्याची नोंद ठेवावीशी वाटली नाही. आणि आपणही ते काम पुरेशा गांभीर्याने केलं नाही.

‘अल्टर्नेटिव्ह’ म्हणजे पर्यायी. प्रस्थापित बाजार आणि प्रस्थापित चव नाकारून उभं राहिलेलं संगीत. या अर्थाने महाराष्ट्रातला पर्यायी बँड गिटार येण्याच्या फार आधी उभा राहिला होता. त्याला आपण जलसा म्हणतो.

1931 : नाशिकचा जलसा

2 मार्च 1930 रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो पुढे काही वर्षं चालला. खेड्यापाड्यातल्या निरक्षर माणसापर्यंत तो लढा पोहोचवायचा कसा? वर्तमानपत्र वाचणारे मोजके. सभेला येऊन तासभर भाषण ऐकणारेही मोजकेच. पण ढोलकीवर थाप पडली की अख्खी वस्ती गोळा होते, हे कार्यकर्त्यांना माहीत होतं. 1931 मध्ये भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाशिक जिल्हा युवक संघाचा जलसा उभा केला.

सत्यशोधकांचे जलसे आधी होऊन गेले होते, तमाशाचा बाज तर घरचाच होता. पण कर्डकांनी तो जसाच्या तसा उचलला नाही. तमाशा सुरू होतो गणाने, म्हणजे गणपतीच्या स्तवनाने. मग कृष्ण-गोपींची गवळण, मग वग. आंबेडकरी जलशाने साचा ठेवला आणि आतला माल बदलला. देवाच्या स्तवनाच्या जागी चळवळीचं आणि बाबासाहेबांचं गुणगान आलं. बाईच्या अंगावर टिकलेली शृंगारिक करमणूक बाजूला सारली. वगाच्या जागी सवाल-जबाब आणि संवाद आले. मेलेल्या ढोराचं मांस सोडा, पोरांना शाळेत घाला, वतनाची गुलामी झुगारा, दारू सोडा, हे विषय झाले.

यातली क्रांती नीट समजून घ्या. तमाशात राबणारे कलावंत बहुतांश महार-मांग. कला आमची, पण गाणं कोणासाठी? गावच्या पाटलाच्या करमणुकीसाठी. तीच ढोलकी, तेच तुणतुणं, तोच गळा 1931 नंतर स्वतःच्या माणसांसाठी, स्वतःच्या मुक्तीसाठी वाजायला लागला. जलशाचं नातं थेट ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ या कार्यक्रमाशी होतं. आपल्या सभांपेक्षा जलशाचा परिणाम मोठा, असं बाबासाहेब मानत, ही आठवण चळवळीतल्या जुन्या माणसांनी जपून ठेवली आहे.

आता प्रश्न ध्वनिमुद्रणाचा. भारतात ग्रामोफोन रेकॉर्डिंग 1902 मध्ये कोलकात्यात सुरू झालं आणि गौहर जानचा आवाजही तेव्हाच मुद्रित झाला. 1930च्या दशकात मराठी नाट्यगीतांच्या आणि भावगीतांच्या तबकड्या घरोघरी पोहोचत होत्या. म्हणजे यंत्र होतं. पण महारवाड्यात गॅसबत्तीच्या उजेडात रंगणाऱ्या जलशापर्यंत आज आपल्याला नेते ती तबकडी नव्हे, तर भीमराव कर्डकांनी स्वतः लिहिलेलं ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे 1978 सालचं पुस्तक. आपला पहिला ‘अल्बम’ असा कागदावर आहे. म्हाताऱ्या शाहिराने हातात लेखणी धरली नसती, तर तेवढाही उरला नसता.

कॅसेटचा काळ : आवाज मिळाला, मालकी गेली

कॅसेट स्वस्त झाली आणि 1980च्या दशकात भीमगीतं टपरी-टपरीवर पोहोचली. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज घराघरात गेला. चैत्यभूमी आणि दीक्षाभूमीबाहेर कॅसेटचे स्टॉल लागले. ही मोठी गोष्ट होती, ती कमी लेखायची नाही.

पण कंपनीसाठी भीमगीत हा माल होता. त्याच गायकाकडून विठ्ठलाची भक्तिगीतंही गाऊन घेतली, तीही विकली. तिला दोन्ही सारखेच. गायकाचा फोटो मुखपृष्ठावर आला, पण लिहिणारा शाहीर, ढोलकीवाला, कोरसमधल्या बाया यांची नोंद कोणी ठेवायची?

वामनदादा कर्डक (1922–2004) आपल्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफत. ही संतपरंपरेतली नाममुद्रा, आणि कॉपीराइट कार्यालयाची पायरी न चढलेल्या माणसाची सहीसुद्धा. आज 14 एप्रिलच्या डीजे मिक्समध्ये धृपद तेवढं उरतं, शेवटचं कडवं गळतं. कडव्याबरोबर सही पुसली जाते. नाचणाऱ्या पोराला गाणं माहीत असतं, वामनदादा माहीत नसतात.

चेन्नई, 2018

इथे तामिळनाडूकडे बघायला हवं. दिग्दर्शक पा. रंजित यांचं नीलम कल्चरल सेंटर आणि संगीतकार तेन्मा यांनी मिळून 2017 मध्ये ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा बँड उभा केला. नाव घेतलं अयोती दास पंडितांच्या ‘जातिविरहित तमिळ’ या कल्पनेवरून. अयोती दास (1845–1914) म्हणजे बाबासाहेबांच्या कितीतरी आधी तमिळ अस्पृश्यांना बौद्ध धम्माची वाट दाखवणारा विचारवंत. 6 जानेवारी 2018 रोजी चेन्नईत पहिला जाहीर कार्यक्रम झाला. पहिल्या अल्बमचं नाव ‘मगिळ्ची’, म्हणजे आनंद.

त्यांनी काय केलं? उत्तर चेन्नईच्या झोपडपट्टीत मयताला गायलं जाणारं गाना गीत घेतलं. अंत्ययात्रेत वाजतं म्हणून अपवित्र ठरवलेला परई घेतला. त्यांच्या शेजारी रॅप, ड्रम आणि रॉकची गिटार ठेवली. आरक्षणावर गाणं केलं, बाबासाहेबांवर केलं. इसैवाणी या गायिकेने शबरीमलातल्या स्त्रीप्रवेशावर गायलं आणि त्या गाण्यावरून 2024 मध्येही तिच्यामागे ट्रोल लागले. 1930चं काळाराम आणि आजचं शबरीमला यांत अंतर किती, ते तुम्हीच ठरवा.

म्हणजे सूत्र कर्डकांचंच : हीन ठरवलेलं वाद्य आणि हीन ठरवलेला गळा घ्यायचा, त्यात नवा आशय भरायचा. फरक एवढाच की त्यांनी पहिल्या दिवसापासून रेकॉर्डिंग केलं, व्हिडिओ केला, प्रत्येक वादकाचं नाव सांगितलं आणि संस्था आपल्या हातात ठेवली.

तरीही लढाई संपली नाही. याच बँडमधला अरिवु 2021 मध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ लिहून-गाऊन गाजला. त्या गाण्यात त्याच्या भूमिहीन पूर्वजांची कहाणी आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर त्या गाण्याची सहगायिका झळकली, अरिवु नव्हता. रंजित यांनी जाहीर निषेध केला, टीका वाढली, तेव्हा मासिकाने त्याचं वेगळं डिजिटल मुखपृष्ठ काढलं. अमेरिकेत हेच झालं होतं. ‘हाउंड डॉग’ आधी गायलं कृष्णवर्णीय बिग मामा थॉर्नटनने, पण जगाला माहीत झालं 1956 मध्ये एल्विस प्रेस्लीच्या नावावर. गाणं शोषितांचं, नाव दुसऱ्याचं, ही जगभरची रीत आहे. ती मोडते फक्त नोंदीमुळे आणि संघटनेमुळे.

खान्देशाने काय करावं?

‘आम्ही डीजेविरोधी आहोत’ असली भाषा मला करायची नाही. पोरांना नाचावंसं वाटणं गुन्हा नव्हे. आणि ‘गिटार परकी आहे’ हेही मला मान्य नाही. हार्मोनियमसुद्धा बाहेरूनच आली होती. वाद्याला जात नसते, जात ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात असते. प्रश्न पैशाचा आणि स्मृतीचा आहे. एका रात्रीच्या डीजेला वर्गणीतून जे जातं, त्याचा छोटा हिस्सा बाजूला काढला तरी आपल्या तालुक्यातल्या एका वृद्ध गायकाची सगळी गाणी नीट रेकॉर्ड होतील.

31 जुलै 1937 रोजी बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले. त्या आठवणीसाठी दरवर्षी 31 जुलैला तिथे आपली माणसं जमतात, गाणी होतात. येत्या 31 जुलैपासून तीन कामं सुरू करू.

पहिलं, तिथे गाणाऱ्या प्रत्येक पथकाचं ध्वनिमुद्रण. अहिराणीतली भीमगीतं आधी, कारण ती सगळ्यात आधी हरवतील. दुसरं, प्रत्येक गाण्याबरोबर चार नोंदी : लिहिलं कोणी, चाल कोणाची, वाजवलं कोणी, कुठे गायलं. कोरसमधल्या आयाबहिणींची नावंसुद्धा. तिसरं, ज्या पोरांना बँड काढायचा आहे त्यांना या जुन्या चाली द्यायच्या. अट एकच, शेवटचं कडवं गाळायचं नाही.

कर्डकांकडे यंत्र नव्हतं, तरी त्यांनी पुस्तक मागे ठेवलं. आपल्या प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डिंगचं यंत्र आहे. उद्या पुढच्या पिढीने विचारलं, तुम्ही काय जपलंत, तर दाखवायला काहीतरी हवं.

जयभीम!