पेल्यांनी मोजलेलं वादळ

‘वाऱ्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटर’ असं बातमीत ऐकलं, की कुठंतरी एखाद्या यंत्राचा काटा त्या आकड्यावर थरथरत असणार असं आपण धरून चालतो. भर समुद्रातल्या वादळात असं यंत्र बहुधा नसतंच. आणि जिथं असतं, तिथल्या आकड्याचंही घराणं तपासून पाहावं लागतं.

घराण्याचा मूळपुरुष आयर्लंडचा. आर्मा वेधशाळेचे संचालक टॉमस रॉम्नी रॉबिन्सन हे धर्मगुरूही होते. १८४६ मध्ये त्यांनी उभ्या दांड्यावर चार आडवे हात आणि प्रत्येक हाताच्या टोकाला एक अर्धगोल पेला बसवला. पेल्याच्या पोकळ बाजूवर वाऱ्याचा दाब जास्त पडतो, फुगीर बाजूवर कमी. त्यामुळे वारा कोणत्याही दिशेचा असो, पेले एकाच बाजूला फिरत राहतात. पेला लहान असो वा मोठा, तो वाऱ्याच्या एक तृतीयांश वेगानं फिरतो, असं रॉबिन्सननी मांडलं. म्हणजे पेल्यांचा वेग घ्यायचा आणि तिनानं गुणायचं.

हिशेब सुटसुटीत होता, पण चुकीचा. हा गुणक पेल्याच्या आकारावर आणि हाताच्या लांबीवर ठरतो, आणि सहसा तिनापेक्षा कमी भरतो. साहजिकच जुन्या नोंदींतले वारे फुगले. त्यात पेल्यांचा स्वभावही असा, की झोत आला की ते चटकन वेग घेतात आणि झोत ओसरल्यावर सावकाश मंदावतात.

८ सप्टेंबर १९०० रोजी टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन शहरावर हरिकेन आदळलं. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास तिथल्या यंत्रानं ताशी १०० मैल (सुमारे १६० किलोमीटर) नोंदवले आणि थोड्याच वेळात ते वाऱ्याबरोबर उडून गेलं. वादळाचा सर्वांत जोराचा मारा त्यानंतरचा. म्हणजे मिळालेला आकडा फुगलेला, आणि जो हवा होता तो हुकलेला.

१९२६ मध्ये कॅनडाच्या जॉन पॅटरसन यांनी चारऐवजी तीन पेल्यांची रचना केली आणि यंत्र बरंच सुधारलं. तरी वादळाच्या वाटेवर नेमकं यंत्र असणं हा योगायोगच राहिला. मग विमानं वादळात शिरू लागली. ती वाऱ्याचा वेग मोजत साधारण तीन किलोमीटर उंचीवर, आणि जमिनीवर तो किती असेल याचा अंदाज बांधावा लागे. १९९२ मध्ये फ्लोरिडावर धडकलेल्या ‘अँड्र्यू’चा वेग असाच ताशी १४५ मैल ठरवला गेला. १९९७ पासून विमानातून जीपीएस बसवलेल्या नळ्या छत्रीनं खाली सोडल्या जाऊ लागल्या. त्यांनी थेट समुद्राच्या पृष्ठभागापर्यंतचे वारे टिपले, तेव्हा जुना अंदाज कमी होता असं दिसलं. २००२ मध्ये, वादळ शमून दहा वर्षं झाल्यावर, अँड्र्यूचा वेग १६५ मैल करण्यात आला आणि ते चौथ्या श्रेणीतून पाचव्या श्रेणीत गेलं.

यंत्र अचूक असलं तरी एक प्रश्न उरतो: सरासरी किती वेळाची? अमेरिका एका मिनिटाची धरते, आपलं हवामान खातं तीन मिनिटांची, तर जागतिक हवामान संघटनेचं प्रमाण दहा मिनिटांचं. वेळ वाढली की आकडा उतरतो. म्हणून २०२० मध्ये अलिबागजवळ किनारा ओलांडणाऱ्या ‘निसर्ग’चा ताशी ११०-१२० किलोमीटर हा वेग अमेरिकी वादळाच्या आकड्याशेजारी जसाच्या तसा मांडता येत नाही.

१० एप्रिल १९९६ रोजी ‘ऑलिव्हिया’ चक्रीवादळात ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावरच्या तीन पेल्यांच्या यंत्रानं ताशी ४०८ किलोमीटरचा झोत नोंदवला. छाननी होऊन तो जागतिक विक्रम म्हणून मान्य व्हायला २०१० उजाडलं. त्याच वेळची, त्याच यंत्राची पाच मिनिटांची सरासरी होती १७६ किलोमीटर. दोन्ही आकडे खरे. घराचं छप्पर उडेल की नाही हे पहिला सांगतो, वादळ कोणत्या श्रेणीत बसवायचं ते दुसऱ्यासारख्या सरासरीवरून ठरतं. बातमीत यातला एकच आकडा येतो, आणि तो कोणता हे बहुधा सांगितलेलं नसतं.