ग्वाल्हेरच्या कचेऱ्यांचा उन्हाळा

ग्वाल्हेरात मे महिन्यातले दुपारचे तापमान सरासरीने ४२ अंशांच्या आसपास असते आणि जानेवारीच्या पहाटे ते सात अंशांपर्यंत उतरते. त्यामुळे कचेरीतली हवा सुसह्य ठेवण्याचा खर्च हा इथल्या कारभाराचा जुनाच प्रश्न असून, थाटीपूर भागातील दर्पण कॉलनीत घराच्याच एक-दोन खोल्यांत थाटलेल्या आजच्या छोट्या कार्यालयांनाही तो चुकलेला नाही.

दरबाराने त्यावर काढलेला तोडगा कचेरीच हलवण्याचा होता. १८८६ ते १९२५ या काळात गादीवर असलेल्या माधवराव शिंदे यांनी ग्वाल्हेरपेक्षा सुमारे अडीचशे मीटर उंचावरच्या, रानाने वेढलेल्या शिवपुरीला उन्हाळी राजधानी केले. पुढे १९४८ ते १९५६ या काळातील मध्य भारत राज्यानेही हाच पायंडा चालवून ग्वाल्हेर हिवाळ्याची आणि इंदूर उन्हाळ्याची राजधानी ठरवली. दप्तरांसह स्थलांतर करणे मात्र राज्यालाच परवडणारे होते.

ज्यांना जागा सोडता येत नव्हती, त्यांची भिस्त उत्तर हिंदुस्थानात सर्वत्र वाळ्याच्या ताटीवर, म्हणजे बांबूच्या चौकटीत वाळ्याची मुळे दाटीने बसवून केलेल्या पडद्यावर असे. लू, म्हणजे उन्हाळ्यातला कोरडा तप्त वारा, बहुधा पश्चिमेकडून येतो; म्हणून त्या बाजूच्या दारात ताटी लावून भिश्ती तिच्यावर मशकीतले पाणी शिंपडत राही आणि मुळांतून गाळून आलेला वारा गार व सुगंधी होऊन खोलीत शिरे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोजूल उष्णता शोषली जाते व ती त्या वाऱ्यातूनच घेतली जाते, हे या गारव्याचे मर्म होय. आत छताला टांगलेला झालरीचा पंखा दोरीने ओढणारा माणूस वेगळाच असे. ही व्यवस्था स्वस्त होती असे सर्रास म्हटले जाते. परंतु ती स्वस्त होती ती मुख्यतः भिश्ती आणि पंखेवाला यांच्या तुटपुंज्या मजुरीमुळे, ही गोष्ट तिचे कौतुक करताना विसरली जाऊ नये.

आजचा कूलर हे त्याच ताटीचे यांत्रिक रूप असून, पंपाने भिश्तीची आणि विजेच्या पंख्याने दोरी ओढणाऱ्याची जागा घेतली आहे. साधा कूलर सुमारे २०० वॉटवर चालतो, तर दीड टनी वातानुकूलन यंत्राला पूर्ण भारावर दीड हजार वॉटच्या आसपास वीज लागते. मात्र कूलरच्या समोरची खिडकी उघडी हवी, कारण दमट झालेली हवा बाहेर न गेल्यास नवे बाष्पीभवन मंदावते. खोली बंद करून कूलर चालवण्याची चूक कार्यालयांत अजूनही होते.

जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती दुपारची उष्णता कित्येक तास अडवून धरत, तर नऊ इंची विटांच्या भिंती आणि काँक्रीटचा उघडा स्लॅब यांना ते साधत नाही. म्हणून वरच्या मजल्यावरील कार्यालयाने यंत्राआधी गच्चीला चुन्याचा पांढरा हात देणे अधिक शहाणपणाचे ठरते. थंडीचा खर्च त्या मानाने अल्प असतो, कारण दुपारचे ऊन आत घेतले की पुष्कळसे भागते.

जुलैत हवा दमट झाली की ताटीप्रमाणेच कूलरही निकामी होतो. तेव्हा वातानुकूलन यंत्राला पर्याय उरत नाही. ते १८ ऐवजी २४ अंशांवर ठेवल्यास, दर अंशामागे साधारण सहा टक्के वीज वाचते या हिशेबाने, बिलातला फरक लक्षात येण्याजोगा असतो.