हळदीला बी धरत नाही, मग ती ‘प्रजाती’ कशी?

हिंगोली जिल्ह्यातील वसमतची हळद प्रसिद्ध आहे. तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण इथला शेतकरी हळदीचे बी पेरत नाही. तो मागच्या पिकातले जेठे गड्डे बेणे म्हणून लावतो. पावसाळ्यात हळदीला फुले येतात, पण सहसा बी धरत नाही. इथेच जीवशास्त्रातला एक जुना प्रश्न उभा राहतो: प्रजाती म्हणजे नेमके काय?

प्रजातीची सर्वात प्रचलित व्याख्या

जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये ही व्याख्या मांडली. जे सजीव निसर्गात आपसात प्रजनन करू शकतात आणि इतर गटांशी करत नाहीत, ते एका प्रजातीचे. घोडा आणि गाढव यांच्यापासून खेचर होते, पण खेचराला सहसा पिल्ले होत नाहीत. म्हणून घोडा व गाढव या वेगळ्या प्रजाती. हळदीला मात्र ही कसोटी लावताच येत नाही.

हळदीला बी का धरत नाही?

हळदीच्या पेशीत साधारणपणे ६३ गुणसूत्रे असतात, म्हणजे २१ चे तीन संच. परागकण आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागतात. दोन संचांची जोडी जमते, तिसरा उरतो आणि वाटणी बिघडते. त्यामुळे बी क्वचितच तयार होते.

मग हळद ओळखायची कशी?

लिनियस यांनी १७५३ मध्ये हळदीला ‘कुर्कुमा लोंगा’ हे नाव दिले, ते तिच्या रूपावरून. आता डीएनएवरून वंशावळही तपासतात. म्हणजे रूप, प्रजनन आणि वंश अशा तिन्ही कसोट्या वापरात आहेत. सगळीकडे चालेल अशी एकच व्याख्या नाही. आणि हो, सेलम किंवा राजापुरी या वेगळ्या प्रजाती नाहीत. ते हळदीचेच वाण आहेत.

नवी प्रजाती कशी तयार होते?

डोंगर, समुद्र किंवा नदीमुळे एका प्रजातीचे दोन गट वेगळे पडतात. दोन्हीकडे वेगवेगळे बदल साठत जातात. हजारो-लाखो वर्षांनी ते गट पुन्हा भेटले तरी त्यांचे आपसात प्रजनन होत नाही. तेव्हा दोन प्रजाती झाल्या असे मानतात.

वनस्पतींमध्ये जवळचा रस्ताही आहे. दोन प्रजातींचा संकर होऊन गुणसूत्रांचे संच वाढले, तर थोड्याच पिढ्यांत नवी प्रजाती उभी राहते. आपण खातो तो गहू असाच तयार झाला. त्यात गुणसूत्रांचे सहा संच आहेत. दोन संचांची आणि चार संचांची वनस्पती यांच्या संकरातून हळद आली असावी, असे शास्त्रज्ञ मानतात.

शेतकऱ्याला याचा काय उपयोग?

गड्ड्यापासून वाढलेले झाड मूळ झाडाची नक्कल असते. त्यामुळे वाणाचा गुण टिकतो, पण दोषही टिकतो. एका झाडाला जो रोग मानवत नाही, तो शेजारच्यालाही मानवत नाही. कंदकूज तर रोगट बेण्यासोबतच पुढच्या हंगामात जाते. म्हणून निरोगी बेणे निवडणे आणि बेणेप्रक्रिया करणे महत्त्वाचे.

क्वचित मिळणारे बीही मोलाचे ठरते. कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेने ‘प्रभा’ आणि ‘प्रतिभा’ हे वाण बियांपासून उगवलेल्या रोपांतूनच निवडले.