पाण्यातील मिरची आणि जिवाणूंचे पुनरागमन

मिरचीचे रोप मातीऐवजी कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या सोडणापासून केलेल्या भुशात, किंवा थेट वाहत्या पोषकद्रावणात वाढवावे, त्याला विद्राव्य रासायनिक खते द्यावीत आणि त्याच टाकीत जिवाणू खतही सोडावे, ही आजची रीत वरवर साधी दिसते. परंतु तिच्यात एकत्र आलेल्या दोन विद्या दीर्घकाळ एकमेकींकडे पाठ फिरवून वाढल्या होत्या.

पहिली विद्या पाण्याची. इंग्लंडमधील जॉन वुडवर्ड याने पुदिन्यावर केलेले प्रयोग 1699 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पावसाच्या पाण्यापेक्षा बागेतली माती कालवलेल्या पाण्यात रोपे कितीतरी अधिक वाढतात हे पाहून त्याने वनस्पतीचे शरीर पाण्यापासून नव्हे, तर मातीतील एखाद्या विशिष्ट द्रव्यापासून घडते असा निष्कर्ष काढला. त्या द्रव्याचा उलगडा 1860 च्या सुमारास जर्मनीत युलिउस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांच्या प्रयोगांतून झाला; कॅल्शियम व पोटॅशियमची नायट्रेटे, पोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि किंचित लोह एवढ्या क्षारांवर रोप पाण्यात वाढू शकते, हे क्नोपच्या द्रावणाने सिद्ध केले. वुडवर्डच्या मातीबरोबर तिच्यातले अदृश्य जीवही पाण्यात उतरले असणार, पण क्नोपच्या बाटलीत त्यांना स्थान नव्हते, कारण प्रत्येक घटक मोजून देणे हाच तेथील हेतू होता आणि जिवाणू मोजमापात बसत नव्हते. कॅलिफोर्नियात गेरिके याने 1937 मध्ये या पद्धतीला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव दिले, तर 1946 मध्ये शोल्टो डग्लस याने कालिम्पोंगला स्वस्त साधनांची ‘बंगाल पद्धत’ उभारली. दोन्हीकडे भर क्षारांवरच राहिला.

दुसरी विद्या मातीची. हेलरीगेल आणि विलफार्ट यांनी 1880 च्या दशकात शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींमधील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, म्हणजे पिकाला वापरता येईल अशा रूपात आणतात, हे दाखविले. बेयरिंकने 1888 मध्ये तो जिवाणू, म्हणजे रायझोबियम, वेगळा काढला आणि 1901 मध्ये स्वतंत्रपणे जगणारा ॲझोटोबॅक्टर वर्णिला. 1896 पासून ‘नायट्राजिन’ या नावाने असे संवर्धन विकलेही जाऊ लागले. हे सारे भुकेल्या जमिनीसाठी होते.

म्हणूनच मिरचीच्या टाकीत या दोहोंची गाठ पडताना अडचण येते, आणि ती समजून न घेता केलेले मिश्रण म्हणजे खर्चाची उधळण होय. मिरची शेंगवर्गीय नसल्याने तिच्या मुळांवर रायझोबियमच्या गाठी येत नाहीत. द्रावणात नत्र मुबलक असले की ॲझोटोबॅक्टर व ॲझोस्पिरिलम या जिवाणूंचे नत्र स्थिर करण्याचे काम मंदावते. आणि स्फुरद आधीच विरघळलेले असल्याने ते विरघळविणाऱ्या जिवाणूंना फारसे काम उरत नाही. तरीही त्यांचा उपयोग असतो, तो मुळांना फाटे फुटण्यास मदत करणारी संप्रेरके स्रवण्यात, लोह उपलब्ध करून देण्यात आणि मूळकूज करणाऱ्या पिथियमला जागा न देण्यात. थोडक्यात, येथे ‘खत’ हा शब्द मातीकडून उसना आलेला आहे. त्याला एक अपवाद आहे: मासळीच्या अर्कासारखे सेंद्रिय खत टाकीत घातल्यास त्यातील नत्राचे अमोनियामार्गे नायट्रेट करण्याचे काम जिवाणूच करतात, आणि ही क्रिया टाकीतच घडवून पीक घेता येते हे जपानमध्ये शिनोहारा व सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखविले.

भारतात 2006 मध्ये जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाखाली आली आणि त्यांच्यातील जिवंत पेशींची किमान संख्या ठरविण्यात आली. ती संख्या मात्र पाकिटातली असते, आणि टाकी निर्जंतुक ठेवण्यासाठी क्लोरीन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड घालणाऱ्या उत्पादकाकडे त्यातल्या किती पेशी मुळांपर्यंत जिवंत पोहोचतात, हे त्या आकड्यावरून कळत नाही.