चुंबक, मेंदू आणि नैराश्य

१/५
मेंदूला वीज देऊन मनोविकार बरा करण्याचा मार्ग १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती व बिनी यांनी दाखवला. तो गुणकारी ठरला. परंतु त्यात आकडी आणावी लागे आणि अनेकांच्या स्मृतीला धक्का बसे.

२/५
अडचण कवटीची होती. हाड विजेला अडवते, म्हणून प्रवाह तीव्र द्यावा लागतो. चुंबकीय क्षेत्राला मात्र हाड अडवत नाही आणि बदलते क्षेत्र वीज निर्माण करते, हे फॅरेडेने १८३१ मध्येच सिद्ध केले होते.

३/५
१८९६ मध्ये पॅरिसच्या दार्सोंवालने भल्यामोठ्या वेटोळ्यात माणसाचे डोके ठेवले. त्याला प्रकाशाचे लखलखाट दिसले. पुरेसा प्रबळ क्षणिक स्पंद निर्माण करणारे यंत्र अद्याप नव्हते.

४/५
ते १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी घडवले. वेटोळे डोक्यावर धरताच हाताचे स्नायू हलले. वेदना जवळजवळ नाहीच!

५/५
१९९५ मध्ये अमेरिकेत मार्क जॉर्ज यांनी औषधांना दाद न देणाऱ्या सहा नैराश्यग्रस्तांवर हा उपाय योजला. दोघांत ठळक सुधारणा दिसली. २००८ मध्ये तेथे त्यास शासकीय मान्यता मिळाली. आजही तो सर्वांना लागू पडत नाही. पण भूल नाही, आकडी आणणे नाही. रुग्ण जागा असतो आणि उपचारानंतर स्वतःच्या पायांनी घरी जातो.