चेन पडली, सर

परवा आमच्या भोरच्या घराच्या अंगणात एक सायकल उलटी करून ठेवली होती. चाकं आकाशाकडे, सीट आणि हँडल जमिनीवर. भोवती आम्ही तिघं : दुरुस्तीवाला, माझा नातू आणि मी. त्यातला कामाचा माणूस एकच होता, हे वाचकांनी ओळखलं असेलच.

सायकल नातवाची. गिअरची, जाड टायरांची, हल्ली जिला माउंटन बाईक म्हणतात तसली. सुट्टीत आला की तो तिच्यावरून पार वेल्ह्यापर्यंत जायचा. (तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण नोकरीची सगळी वर्षं तिथल्या शाळेत काढलेल्या माणसाच्या तोंडी वेल्हंच येणार.) गेल्या पावसाळ्यात पाबे घाटात मागच्या चाकात काटकी अडकली आणि गिअर बदलणारी यंत्रणा, म्हणजे डिरेलर, मोडून लोंबायला लागली. नातवाने दुसरी सायकल घेतली, ही आमच्या पडवीत पडून राहिली.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी यंदा आठवीत गेली. शाळा घरापासून पाच-सहा किलोमीटर. आमची ही म्हणाली, "ती सायकल नीट करून तिला द्या की." म्हणून हा घाट.

दुरुस्तीवाल्याने सायकल पाहिली आणि म्हणाला, "सर, गिअर नकोतच. एकच फ्रीव्हील टाकतो. मोडायला काही उरायलाच नको." मला पटलं. पण एकच चक्री बसवून चेन चढवली, तर ती झोळीसारखी लोंबायला लागली. मी अनुभवी माणसाच्या थाटात म्हटलं, "मग मागचं चाक जरा ओढून घे." तो हसला. "ह्याचं चाक ओढता येत नाही, सर. खाच उभी आहे. ह्याला टेन्शनर लागणार. टेन्शन तुम्ही घेऊ नका, ते तो घेईल!"

मंडळी, मी इतिहासाचा मास्तर. उभी खाच आणि आडवी खाच यांत काहीतरी इतिहास असणार, असं वाटून मी शोधाला लागलो.

सायकलला चेन पहिल्यापासून नव्हती. जुन्या उंच चाकाच्या सायकलीत पायडल थेट पुढच्या चाकालाच असे. १८८० साली मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डने बुश आणि रोलर असलेल्या साखळीचं पेटंट घेतलं. १८८५ साली जॉन केंप स्टार्लीची 'रोव्हर' सायकल आली. दोन्ही चाकं जवळजवळ सारखी आणि चेनने मागचं चाक फिरवायचं. आपण आजही मूळ त्याच सायकलवर बसतो.

चेन आली आणि तिच्याबरोबर तिचा ढिलेपणाही आला. आपण म्हणतो "चेन लांबली", पण तिच्या पट्ट्या काही रबरासारख्या ताणत नाहीत. प्रत्येक सांध्यातली पिन झिजते. एका सांध्यातली झीज केसाएवढी, पण शंभरेक सांध्यांची मिळून चेन लोंबते आणि खड्डा आला की दात सोडते. झीज मोजायला साधी फूटपट्टी पुरते. चेनच्या दोन पिनांत अर्ध्या इंचाचं अंतर असतं, म्हणजे नव्या चेनचे २४ सांधे बरोबर १२ इंच भरतात. तेच सव्वाबारा इंचांच्या निम्म्या वाटेवर, म्हणजे १२ इंच आणि वर एक अष्टमांश भरले, की ती चेन बाद.

आपल्या काळ्या सायकलींत हा ढिलेपणा चाकच काढून घेई. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनिपतला अ‍ॅटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो असे कारखाने निघाले आणि सायकल हळूहळू खेड्यापाड्यांत पोचली. या सायकलींना मागच्या आसासाठी आडवी खाच असे. नट ढिले करायचे, चाक दोन्ही बाजूंनी सारखं मागे ओढायचं, नट आवळायचे. एक बाजू जास्त ओढली गेली तर टायर चिमट्याला घासायचा. पाना आणि डोळा एवढ्यावर काम भागे.

मग खाच उभी का झाली? त्याचं कारण गिअर. मागे लहानमोठ्या चक्र्या असल्या की मोठीवर चेन जास्त लागते, लहानीवर कमी. फ्रान्सच्या 'टूर द फ्रान्स' शर्यतीत १९३७ पर्यंत स्पर्धकांना डिरेलरची मुभा नव्हती. चढ आला की खाली उतरून मागचं चाक काढायचं आणि उलटं फिरवून दुसऱ्या बाजूची चक्री वापरायची! डिरेलरने ती कटकट संपवली. त्याचा स्प्रिंगवाला हात चेन एका चक्रीवरून दुसरीवर तर नेतोच, पण उरलेली चेन आपोआप ओढूनही धरतो. म्हणजे चाक मागेपुढे सरकवायची गरजच राहिली नाही. उलट ते दर वेळी नेमक्या जागी बसावं आणि जोर लावला तरी तिरकं होऊ नये, म्हणून उभी खाच सोयीची ठरली. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायसच्या उतारावर काही तरुण जुन्या जाड टायरांच्या सायकली दामटायला लागले, त्यातून माउंटन बाईक जन्मली आणि पुढे तिच्यातही ही उभी खाच रूढ झाली.

म्हणजे टेन्शनर हा डिरेलरचाच अर्धा भाऊ. गिअर बदलायचं काम गेलं, ढिलेपणा काढायचं तेवढं राहिलं.

टेन्शनर निवडताना आम्ही काय पाहिलं, ते कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. एक प्रकार स्क्रूने एकदा जागेवर पक्का करायचा, दुसरा स्प्रिंगचा. पक्का केलेला चेन झिजेल तसा पुन्हा सरकवावा लागतो. ज्या घरात पाना नाही तिथे स्प्रिंगचाच बरा. (पायडल उलटं मारून ब्रेक लागणाऱ्या सायकलीला मात्र स्प्रिंगचा चालत नाही.) दुसरं, चेन खाली ढकलण्यापेक्षा वर ढकलणारा बसवला तर ती फ्रीव्हीलला जास्त वेढा घेते, जास्त दात पकडते आणि सहसा निसटत नाही. तिसरं, साध्या फ्रीव्हीलचा दात जाड, गिअरची चेन अरुंद. म्हणून चेन रुंद घ्यावी लागली आणि तिच्यासाठी रुंद कप्पीचा टेन्शनर.

बसवताना पहिलं विघ्न आलं ते ज्या कानाला डिरेलर अडकवतात त्याचं. टेन्शनरही तिथेच बसतो आणि तो कान काटकीच्या झटक्याने वाकलेला. त्या फ्रेमचाच नवा कान नातवाने पुण्याहून आणला. मग १८ दात्यांचं फ्रीव्हील, पुढची मधली चक्री, आणि चेन जेवढी आखूड जमेल तेवढी कापलेली. कप्पी मागच्या चक्रीच्या रेषेत यावी म्हणून मध्ये एक वॉशर. दुरुस्तीवाल्याने बराच वेळ पायडल फिरवून पाहिलं. कुठे घट्ट नाही, कुठे सैल नाही, कुरकुर नाही.

जुनी चेन किती झिजली होती बघावं म्हणून मी घरातून माझी शाळेतली लाकडी फूटपट्टी आणली. पिनेवर पट्टीचा शून्य ठेवला आणि हात थांबला.

१९८३ च्या सुमाराची गोष्ट. तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीतून एक मुलगा बापाच्या जुन्या सायकलवरून शाळेत यायचा. पावसाळ्यात तो कच्चा रस्ता म्हणजे नुसता चिखल आणि दगड. एका आठवड्यात तो तिसऱ्यांदा उशिरा आला. दारात उभा राहून म्हणाला, "चेन पडली, सर." मी म्हटलं, "रोज तुझीच बरी पडते?" त्याने हात पुढे केले. मी ह्याच पट्टीने दोन्ही हातांवर मारलं. त्याच्या तळव्यांचं काळं वंगण पट्टीला लागलं, तर त्यावरूनही त्याला बोललो.

पुरावा काय असतो, हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं. कोरलेला लेख, नाणं, मोडी कागद. आणि दोन काळे तळवे समोर धरलेले होते, ते मला वाचता आले नाहीत. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. घरची कारणं असतील, माझ्या पट्टीमुळेच गेला असं मी म्हणत नाही. पण त्याची चेन मी एकदा वाकून बघितली असती, चाक बोटभर मागे ओढून दिलं असतं, तर दहा मिनिटांचं काम होतं. तेव्हा मला ते येत होतं. माझीही सायकल होती.

असो.

जुनी चेन सव्वाबाराच्या निम्म्या खुणेच्याही पुढे गेली होती. दुरुस्तीवाला म्हणाला, "बघा, ही पडणारच होती." मी मान हलवली.

आता ती मुलगी सायकलवरून शाळेला जाते. मधल्या एका चढावर उतरून ढकलते म्हणे. परवा आईला न्यायला आली होती, तेव्हा मी विचारलं, "काय गं, चेन पडते का?"

"नाही आजोबा."

"पडली तर बाईंना तसं सांग. आणि हात दाखव."

तिला त्यातलं काही कळलं नसावं. मान डोलावून गेली.